लाईट गेली तिथपर्यंत

त्या मालिकेचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की कुणीतरी हुशार वाचक ती शोधून काढील, तो भाग बघील आणि मोठ्या प्रेमानं मला शेवट सांगायला येईल. मला तो शेवट नको आहे. इतकी वर्षं मी त्याला चुकवत आले, आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर कशाला उगाच. एवढं सांगते, की ती हेरगिरीची मालिका होती, हिंदी होती, आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागायची आणि आमच्या गल्लीत तिला कुणीच नावानं ओळखत नव्हतं. सगळे 'जासूसवाली' म्हणत. तिच्यात एक मेजर होता आणि त्याचा जोडीदार किशन. मेजर उंच, देखणा, खिडकीतून उडी मारली तरी शर्टाची इस्त्री न मोडणारा. किशन बुटका, सारखं काहीतरी खात असलेला, आणि खाता खाता दारामागचं बोलणं ऐकणारा. गल्लीचा जीव अर्थातच किशनवर होता.

आमचं घर लातूरला, गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. पलीकडे डाळमिल. तिचा आवाज सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी बंद झाला की कानांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. तुरीचा भुसा उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, प्रत्येक कपडा झटकताना मिलवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, सरकी-पेंडीचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या घराला पेंडीचा वास होता. शाळेत मैत्रिणी नाक उडवायच्या. मला तो वास घरात असताना कधी आला नाही, आणि आता पेंडीच्या दुकानावरून रिक्षा गेली की मी ती जरा थांबवायला सांगते. वास म्हणजे मोठी खोडसाळ वस्तू आहे. माणसं गेली तरी तो आपला जागेवर असतो.

टीव्ही घेतला तो बातम्यांसाठी, असं अण्णा मरेपर्यंत सांगत. लाकडी शटरची पेटी, तिच्यावर अव्वानं विणलेलं झाकण, झाकणावर बसवेश्वरांची तसबीर. समोर रज्जाकचाचा राहायचे, त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मालिकेच्या दिवशी ते आमच्या गच्चीवर चढून अँटेना फिरवत, आणि शरीफाचाची खाली दारात उभी राहून आतली बातमी वर पोचवी. "आया?" "नै आया!" "अब?" "आदमी आया, मुंडी नै आयी!" मुंडी आली की चाचा खाली उतरत आणि आपली ठरलेली जागा, पोत्यांची थप्पी, तिच्यावर जाऊन बसत. शेजारच्या ओसरीत कोरे सर गणिताची शिकवणी घ्यायचे. तेव्हा लातुरात अजून क्लासच्या इमारती झाल्या नव्हत्या, ओसऱ्याच होत्या. दिवसभर पोरं तिथं एका सुरात सूत्रं म्हणत. मालिकेच्या दिवशी मात्र शिकवणी लवकर सुटे आणि सर खडूचे हात धोतराला पुसत आमच्याकडे येत.

आमच्या घरात एक रीत होती आणि ती अण्णांनी घातली होती. भाग संपला की प्रत्येकानं मत द्यायचं. मत दिल्याशिवाय चहा नाही. अव्वा परातभर सुशीला करून ठेवायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर. सगळ्यांच्या नजरा परातीकडे, आणि अण्णा एकेकाला विचारत, "तुमचं काय मत?" मेजरनं तिजोरी आधी उघडायला पाहिजे होती का, त्या बाईवर विश्वास ठेवायला पाहिजे होता का, असले प्रश्न. अण्णा व्यापारी माणूस, त्यांचं मत कायम एकच, काम झालं का नाही ते बोला. चाचीचं मत कायम मेजरच्या विरुद्ध. कोरे सर मात्र मत देत नसत, उत्तर देत. "ह्याचं नमुना उत्तर असं हाय," अशी सुरुवात करून ते मुद्देवार सांगत, आणि त्यांचं सांगून झालं की त्यावर कुणी बोलायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती. सगळ्यात शेवटी अक्का. ती बोलली की निकाल लागला, असं मला तरी वाटायचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औशाच्या पुढच्या एका गावात दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून बसायची, एक पाय लांब सोडून, पोटावर हात ठेवून. चिंच खायची आणि चिंचोके माझ्या केसांत खोचायची. तिच्या गळ्यात लिंग असायचं, रेशमी वस्त्रात गुंडाळलेलं, आणि हसली की ते हलायचं. आम्ही लिंगायत. लिंग एकदा गळ्यात आलं की आंघोळीलासुद्धा दूर करत नाहीत. ते माणसाबरोबर मातीत जातं. अक्का कुणाशी भांडायची नाही, पण कुणाचं ऐकूनही घ्यायची नाही. अव्वा म्हणायची, ही पोरगी बोलते कमी आणि ठरवते जास्त. तिचा नवरा, आमचे महालिंगदाजी, बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे. ज्वारीचं पोतं दारात उतरवायचे, पाणी प्यायचे आणि खाली मान घालून बसायचे. अव्वासमोर त्यांनी कधी मान वर केल्याचं मला आठवत नाही. मालिकेच्या वेळेआधीच त्यांची परतीची गाडी असे, म्हणून त्यांनी मेजर कधी पाहिला नव्हता. त्यांच्या गावातल्या चावडीतला टीव्ही बंद पडलेला होता आणि रज्जाकचाचांचं म्हणणं होतं की तो चालू व्हायच्या लायकीचाच नाही.

तो भाग लागला तेव्हा अक्काचे दिवस भरत आले होते. मेजर आणि किशन सरहद्दीपलीकडे एका पडक्या गोदामात शिरलेले. हवी ती फिल्म मेजरच्या हातात आलेली. पळताना छत ढासळतं आणि मधलं लोखंडी दार खाली येतं. मेजर बाहेर, किशन आत. किशनचा पाय कशाखाली तरी अडकलाय, दाराच्या जाळीतून त्याचं तोंड तेवढं दिसतंय. लांबून शिट्ट्या, बुटांचे आवाज. मेजरच्या एका हातात फिल्म, दुसरा हात दाराच्या कडीवर. किशन काहीतरी बोलायला तोंड उघडतो. आणि लाईट गेली. गल्लीत एकच ओरडा झाला. पडदा बारीक होत होत एका पांढऱ्या ठिपक्यावर आला आणि तोही विझला. चाचांनी तर पोत्यांवर बुक्क्या मारल्या. अव्वानं कंदील लावला, पण मतं द्यायला कुणाकडे काही नव्हतंच. त्या दिवशी मताशिवाय चहा मिळाला.

पुढच्या आठवड्यात मेजर दिल्लीच्या कचेरीत एकटाच बसलेला दिसला. किशनचं नावसुद्धा नाही. म्हणजे सोडून आला. पण कसा, ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि जे कुणी पाहिलेलं नसतं त्याबद्दल माणसांची मतं फार पक्की असतात. नांदेडला त्या संध्याकाळी लाईट होती म्हणे. तिकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गल्लीत अडवून विचारलं जाई. चाचीची बहीण म्हणाली, मेजर खूप रडला. उमरीचा एक अडत्या म्हणाला, रडला बिडला नाही, वळला आणि चालू पडला. तिसऱ्यानं सांगितलं, दोघं सुटले, तुम्ही उगाच काळजी करून राहिले. नांदेडहून असे तीन शेवट आले आणि तिन्ही आणणारे शपथेवर सांगत होते. आठ दिवस गल्लीत दुसरा विषय नाही.

"नमुना उत्तर सोपं हाय," कोरे सर म्हणाले. "फिल्म ठेवायची खिशात, दोन्ही हात मोकळे, दार उचलायचं. जोडीदाराला सोडून येणं ही चूकच. शून्य मार्क."

"साथी कू छोड को आया," चाची म्हणाली, "अब साब बन को कुर्सी पे बैठा. मुआ."

अण्णा म्हणाले, "फिल्म आणली ना? झालं तर."

मग सगळे अक्काकडे वळले. ती शेंगा फोडत होती. "किशन आतून काय म्हणला, ते ऐकलंय का कुणी?" तिनं विचारलं. "समदे मेजरचं बोलून राहिलेत. आत अडकलेल्या माणसाचं मत कुणी इचारतच न्हाई. त्यानंच जा म्हणलं असंल तर? मग मेजरनं त्याचं ऐकलं, ह्यात त्याचा काय गुन्हा?"

"और दिल?" चाचीनं छातीवर हात ठेवला. "दिल का क्या?"

"ते मेजर बघंल की," अक्का म्हणाली. "जलमभर बघत बसंल." आणि फोडलेले दाणे तिनं चाचीच्या पदरात टाकले.

नंतर अक्काला मुलगी झाली. उमा नाव ठेवलं. बाळंतिणीच्या खोलीतला शेक, शेपूचा वास, डिंकाच्या लाडवांचा डबा जो माझ्या नजरेतून वाचवण्यासाठी अव्वानं दर दोन दिवसांनी नव्या जागी लपवला, हे सगळं मला अजून दिसतं. मी अकरावीत होते. कोरे सरांच्या ओसरीत पोरं वाढली होती, शिरूर अनंतपाळहून, अहमदपूरहून येत होती, कुणाच्या तरी परसात खोली घेऊन राहत होती. सर मला म्हणत, "तुझं डोकं चांगलं हाय, घरातलं चित्त काढ." आणि मी सूत्रं पाठ करायची सोडून पाळण्याची दोरी ओढत बसायची. पाऊस सुरू झाल्यावर दाजी येऊन अक्काला घेऊन गेले. जाताना अक्कानं माझ्या केसांत हात घालून बघितलं, चिंचोका राहिला का म्हणून. एवढंच. निरोपाचं असं काही आम्ही बोललो नाही, दिवाळीला येणारच होती.

गणपती बुडवून लोक दमून झोपले होते त्या पहाटे जमीन हलली. आमच्या घराला नुसती चीर गेली, बसवेश्वरांची तसबीर खाली पडली, आणि आम्ही सगळे रस्त्यावर पाऊस झेलत उभे राहिलो. उजाडेपर्यंत गल्ली हसतसुद्धा होती, कोण कसं पळालं यावर. मग औशाकडून पहिली जीप आली आणि हसणं थांबलं. अण्णा आणि रज्जाकचाचा एका टेम्पोतून तिकडे गेले. अव्वा दारात बसली ती बसलीच. डाळमिल बंद होती. तेवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. आधी चाचा उतरले आणि कुणाकडे न बघता सरळ आपल्या घरात गेले. मग अण्णा. मग दाजी, कडेवर उमा. दाजी डोक्यापासून पायापर्यंत मातीच्या रंगाचे झाले होते, पापण्यासुद्धा. अव्वानं टेम्पोत आणखी कुणी आहे का म्हणून वाकून बघितलं. टेम्पो रिकामा आहे हे दिसत होतं, तरी तिनं फळीवर हात ठेवून आतपर्यंत बघितलं. ते वाकणं मला आठवतं आणि अजून माझं लिहिणं थांबतं.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. तिकडे ते जमण्यासारखं नव्हतं. माणसं फार गेली होती, पाऊस थांबत नव्हता, आणि पडलेल्या घरांच्याच तुळया काढून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला जात होता. अक्का त्यातच गेली. अण्णांनी हे अव्वाला भिंतीकडे तोंड करून सांगितलं. अव्वानं एवढंच विचारलं, "गळ्यातलं?" दाजींनी खिशात हात घातला आणि रेशमी वस्त्रातलं लिंग तिच्या हातावर ठेवलं. "तिनंच काढून दिलं," ते म्हणाले. त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

लोक बसायला येऊ लागले आणि प्रत्येकजण विचारू लागला, कसं झालं. दाजींनी ते एकदाच सांगितलं, जमिनीकडे बघत, एका सुरात. वरचं मातीचं माळवद खाली आलं. अक्काच्या कमरेवर तुळई पडली, हात मोकळे होते. उमा तिच्या पोटाशी होती, तिला तिनं फटीतून बाहेर दिलं. मग गळ्यातलं काढून दिलं. जावा म्हणाली. दाजी लेकराला घेऊन रस्त्यावर आले, पुन्हा हादरा बसला, आणि वळून बघतात तर घर नव्हतं. ते सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. मग बोलायचं काम लोकांनी घेतलं. लेकरू रस्त्यावर ठेवून माघारी जायला काय झालं होतं? हाका मारायच्या होत्या. तुळई एकट्यानं हलत नाही, पण हलवून तर बघायची. बाहेरच्या ओट्यावर ही चर्चा चालायची आणि दाजी आत, भिंतीपलीकडे, सगळं ऐकत बसायचे. सुशीला आणि चहा तेवढा नव्हता, बाकी सगळं मालिकेच्या दिवसासारखं होतं. मीही आतल्या आत त्यांच्यावर चिडले होते. माझी अक्का नव्हती आणि हे होते, याचाच मला राग होता.

दिवस घातल्यावर अण्णांनी चार माणसं बसवली. काका होते, कोरे सर होते, पोत्यांवर चाचा होते, दारात चाची. दाजी बाहेरच्या पायरीवर, उमा आत माझ्या मांडीवर. काकांचं म्हणणं होतं, लेकरू आपल्याकडे राहू द्या, जावयानं आता आपलं बघावं. तरणा माणूस आहे, दुसरं लग्न करील, आपल्या पोरीची पोर कुणाच्या हातात जाईल काय सांगावं. आणि खरं तर त्यानं या दारात पुन्हा येऊ नये, बघितलं की जीव जळतो. अण्णांनी होकाराची मान हलवली.

"सरळ हाय," कोरे सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. अक्काला त्यांनीच बाराखडी शिकवली होती आणि तिच्यासाठी ते रडलेही होते. पण उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "दोन गोष्टी हायत. एक, लेकरू खाली ठेवून जायला वेळ होता. दुसरी, लिंग. जित्या माणसाच्या गळ्यातलं लिंग कुणी काढत न्हाई. म्हंजे ती गेल्यावर ह्यांनी काढलं. मग तिच्या हातात का न्हाई ठेवलं? आणि तिनं दिलं म्हणून का सांगून राहिलेत? ह्याचा अर्थ काय निघतो?"

बाहेर पायरीवर दाजींची पाठ दिसत होती. ती हललीसुद्धा नाही. ते उठून निघून जातील असं मला वाटलं, आणि गेले तर उमाला बाप परत दिसणार नाही हेही त्याच वेळी समजलं. माझ्या मांडीवर ती भुकेनं कुरकुरायला लागली होती.

अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. चार माणसांच्या बैठकीत ती कधी येत नसे. तिच्या हातात दुधाची वाटी होती, ती तिनं कुठं ठेवली नाही, तशीच धरून उभी राहिली.

"सर, तुमी पाहिलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"तेच. तिथलं. तुमी पाहिलं का, हितं बसलेल्या कुणी पाहिलं का, म्या पाहिलं का? समद्यांची लाईट गेली हुती." तिनं एकेकाकडे पाहिलं. "त्या किशनच्या टायमाला बी अशीच गेली हुती. कुणी पाहिलं न्हाई आन् आठ दिवस भांडलात. माझी पोरगी तवा काय म्हणली हुती, आठवतंय का कुणाला?"

पोत्यांवरून चाचांनीच खालच्या आवाजात म्हटलं, "बोली थी, अंदर के आदमी का मत पूछो."

"हाव," अव्वा म्हणाली. "तिचं मत तिनं आधीच दिलंय. लिंग तिनं जितेपणी काढलं का मेल्यावर ह्यांनी, ते मला ठावं न्हाई. पर मला माझी पोरगी ठावी हाय. ती कुणाच्या सांगण्यानं मेली नसती आन् कुणाच्या सांगण्यानं लेकरू सोडलं नसतं. जावा म्हणली असंल, तर जायलाच लावलं असंल तिनं." तिचा आवाज तिथं फुटला. दूध वाटीच्या काठावरून तिच्या मनगटावर सांडलं. मग तिनं उमाला माझ्या मांडीवरून उचललं, बाहेर गेली आणि पायरीवर वाकली. "महालिंगराव, लेकरू घ्या. दूध गार होऊन राहिलंय. आन् उद्यापासून पायरीवर बसायचं न्हाई, आत बसायचं."

दाजींनी उमाला घेतलं आणि मग ते रडले. तोपर्यंत त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं, यावरही गल्लीत मतं झालीच होती. ते असे रडत होते की उमा दूध प्यायची थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोरे सर उठले, चप्पल घालताना दोनदा चुकले आणि गेले. पुढे कित्येक वर्षं ते दाजींशी बोलले, पण 'नमुना उत्तर' हा शब्द आमच्या घरात त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. मालिकाही आम्ही पुन्हा लावली नाही. ती कधी संपली ते मला माहीत नाही.

दाजी आमच्याकडेच राहिले. सरकारनं नवं घर दिलं, त्याची किल्ली खुंटीला टांगलेली असायची, ते तिथं राहायला कधी गेले नाहीत. लग्नही केलं नाही. आधी डाळमिलवर जात. मग बघता बघता लातूर बदललं, कोरे सरांची ओसरी जाऊन तिथं तीन मजली क्लास झाला, गल्लीतल्या प्रत्येक घरानं खोल्या काढून पोरांना दिल्या, आणि आमच्याही पेंडीच्या गोदामाच्या खोल्या झाल्या. दाजींनी मेस सुरू केली. उमरीची, देगलूरची, कुठकुठची पोरं पंगतीला बसायची आणि येसरच्या आमटीसाठी भांडायची. दाजींची एकच अट असे, खोलीला आतून कडी लावायची नाही. कड्या त्यांनी काढूनच टाकल्या होत्या. पोरं हसायची. स्वतः ते थंडी असो, पाऊस असो, अंगणात पत्र्याखाली झोपत. डोक्यावर जड काही नको, एवढंच म्हणत.

अक्काचं लिंग अव्वानं देवघरात ठेवलं होतं. ते कुठं विसर्जन करावं, यावर खूप जणांनी खूप सल्ले दिले, तिनं ऐकले आणि काही केलं नाही. अव्वा गेली तेव्हा तिला बसवलं, जंगमस्वामींनी तिच्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं. दाजी पुढे झाले आणि त्यांनी रेशमी वस्त्रातलं दुसरं तिथंच शेजारी ठेवलं. स्वामी म्हणाले, "एका माणसाला दोन कशी?" दाजी म्हणाले, "दोघी हायत." स्वामींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि माती लोटायला सांगितलं. अक्काला माती मिळाली ती अशी, आईच्या हातात.

उमा आता नांदेडला असते, तिचं औषधाचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिनं मोबाइलवर ती मालिका शोधून काढली. कुणीतरी सगळे भाग चढवून ठेवलेत. तिच्या आईची ही गोष्ट तिनं आम्हा सगळ्यांकडून ऐकलेली, म्हणून तोच भाग. खाली बघणाऱ्यांची मतं होती, कितीतरी. कुणी लिहिलं होतं, मेजर भेकड. कुणी, देश आधी, दोस्ती नंतर. कुणी, मी तेव्हा लहान होतो, आईच्या कुशीत शिरून रडलो होतो. मी वाचत होते आणि कुणी शेवट सांगायला लागलं असं दिसलं की तेवढी ओळ अंगठ्यानं झाकत होते. इतक्या वर्षांनी, इतक्या गावांची माणसं, आणि भांडण आमच्या गल्लीतलंच. आमचा चहा तेवढा त्यांना मिळालेला नव्हता.

दुपारची पंगत उठली होती. दाजी हात पुसत आले आणि आमच्या शेजारी टेकले. त्यांनी मेजर पहिल्यांदाच पाहिला. किशन खाताना दिसला तेव्हा ते जरा हसले. मग गोदाम आलं, छत ढासळलं, दार खाली आलं. मला त्यांच्याकडे बघवेना. जाळीत किशनचं तोंड, कडीवर मेजरचा हात. किशननं तोंड उघडलं, आणि माझ्याही आधी दाजींनीच बोट लावून ते थांबवलं.

"इथं गेली हुती ना लाईट?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. "पण नेमकी इथंच, हे तुम्हाला कसं माहीत?"

"सांगितली हुती तिनं. गावाकडं आल्यावर, समदी, हितपर्यंत. मग मला म्हणली, तुमी असता तर काय केलं असतं? म्या म्हणलं, माघारी गेलो असतो. लई हसली." पडद्यावर किशन तोंड उघडून तसाच होता. "म्हणली, आन् हातात लेकरू असलं तर?"

"मग काय म्हणलात?" उमानं विचारलं.

"काय म्हणणार. गप बसलो. तवा बी, आन् त्या दिवशी बी. त्या दिवशी बी ती तेच म्हणली, हातात लेकरू हाय तुमच्या."

उमानं डोळे पुसले आणि हलकेच विचारलं, "आप्पा, पुढचं लावू? तीन-चार मिनिटंच राहिलीत."

दाजींनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि फरशीवर पालथा ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईनं इथवरच पाहिलं हुतं."